प्रोसेसरवर कूलर नीट बसलाय का? पिना, स्क्रू, बॅकप्लेट वगैरे

वऱ्हाडी_पंखा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मुक्काम पोस्ट अकोला, महिना एप्रिल. हवेचा अंदाज आला असेलच.

नवा पीसी जोडून घेतलाय. कोअर आय५ १२४००, एच६१० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि प्रोसेसरच्या डब्यात आलेला इंटेलचाच पंखा. ग्राफिक्स कार्ड पुढेमागे घेईन. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकतोय. रेंडर (दृश्याचं पक्कं चित्र बनवायचं काम) लावलं की चार-पाच सेकंदांत पारा १०० वर आणि स्पीड धाडकन खाली. नुसता डेस्कटॉप उघडून ठेवला तरी ६० च्या खाली येत नाही. पंखा मात्र जीव तोडून ओरडत असतो.

जिथून जोडून घेतला तिथे फोन केला, तर उत्तर आलं, "भाऊ, अकोल्यात माणसं तापतात, मशीन नाही तापणार का?" वर प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये भरायची महागातली पेस्ट लावून देतो, घेऊन या, असंही म्हणाले. खोलीत कूलर चालू असतो (खिडकीतला, वाळ्याचा) आणि खोली ३३-३४ वर असते.

तर प्रश्न असा की पेस्ट बदलू, की सरळ नवा कूलर घेऊ? बजेट फार नाही.

धूळपाटी

पेस्ट बदला. डब्यातल्या पंख्याखाली लावून येते ती राखाडी पेस्ट नावापुरतीच असते. चांगल्या कंपनीची ट्यूब घ्या, दहा अंश तरी उतरतील.

पेचकस

थांबा. पेस्टवर खर्च करायच्या आधी दोन गोष्टी तपासा, दोन्ही फुकट आहेत.

उन्हाळ्याचा हिशेब सरळ असतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. २४ च्या खोलीत जो ७० दाखवतो तो तुमच्याकडे ८० दाखवेल. पण पाच सेकंदांत १००, हे काम उन्हाचं नाही. हवा कोंडली असेल किंवा जाळी धुळीने बंद झाली असेल तर पारा हळूहळू, मिनिटामिनिटाने चढतो, कारण आधी हीटसिंकचा (पंख्याखालच्या पात्यांच्या ठोकळ्याचा) अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा गोळा तापावा लागतो. सेकंदांत उसळी म्हणजे उष्णता त्या गोळ्यापर्यंत पोचतच नाहीये.

म्हणून आधी रेंडर लावा आणि पंख्याच्या कडेने हीटसिंकच्या पात्यांना हळूच बोट लावा (फिरत्या पंख्यात नव्हे). स्क्रीनवर १०० आणि पाती कोमट, तर कूलर टेकलेलाच नाही.

मग पीसी बंद करून, वायर काढून, उजवीकडचा पत्रा उघडा. बहुतेक कॅबिनेटमध्ये सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) मागे मोठी खिडकी कापलेली असते. तिथून कूलरच्या चारही पिना दिसतात. फोटो टाका.

वऱ्हाडी_पंखा

काका, पाती कोमटच आहेत!

मागून पाहिलं. तीन भोकांतून पांढऱ्या फाका बाहेर आल्यात आणि त्यांच्या मधोमध काळं टोक दिसतंय. चौथं भोक रिकामं. समोरून टॉर्च मारला तर त्या पिनेची एक फाक बोर्डावरच मुडपून पडलीय. पण वरून दाबलं की ती पिन बसल्यासारखीच वाटते. दुकानात जोडताना मी समोर उभा होतो, चारही वेळा टक आवाज आला होता.

पेचकस

तोच तर घोळ आहे या पिनांचा.

पिनेचे दोन भाग असतात. बाहेरून दोन फाकांचा पांढरा पाय आणि त्याच्या पोटातून उतरणारी काळी खुंटी. आधी पांढरा पाय भोकातून पूर्ण पलीकडे जायला हवा. मग वरून दाबल्यावर काळी खुंटी फाकांमध्ये घुसते, फाका फुगतात आणि बोर्डाच्या मागे अडकतात. टक वाजते ती खुंटी उतरल्याची. पाय पलीकडे गेलाच नसेल तरी खुंटी उतरते आणि टकही वाजते. म्हणून आवाजावर भरवसा नको, पाठीमागून डोळ्यांनी बघायचं.

तीन कोपरे धरलेले आणि चौथा मोकळा असला की हीटसिंक त्या बाजूने किंचित उचललेला राहतो. ती फट केसाएवढी असली तरी पुरते.

आता सोडवायचं कसं ते सांगतो. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर बाण असतो. तो सोडायची दिशा दाखवतो, आवळायची नव्हे. चपट्या पेचकसाने बाणाच्या दिशेने पाव फेरा द्या आणि डोकं वर ओढा. चारही सुटल्यावर हीटसिंक सरळ उपटू नका. डावी-उजवीकडे हलका पिळा देत सैल करा, मग उचला. काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवला असेल तर पेस्ट मऊ असते, सोपं जातं.

मग चारही डोकी उलट फिरवून मूळ जागी आणा. हे विसरलं की पिना पुन्हा बसतच नाहीत आणि माणूस तासभर झगडतो. मुडपलेली फाक नखाने सरळ होतेय का बघा. चिरली असेल तर त्या कूलरचा नाद सोडा.

एकदा उचललं की जुनी पेस्ट बाद. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसा, नवी लावा, साधी चालेल. १२व्या पिढीपासून प्रोसेसरचं झाकण लांबट आहे, त्यामुळे मधोमध एक ठिपका देण्यापेक्षा लांबीच्या दिशेने एक रेघ बरी.

बसवताना बोर्ड कॅबिनेटमध्येच असू द्या. बरेच जण बोर्ड टेबलावर सपाट ठेवून पिना दाबतात. खाली टेबल आल्यावर पाय पलीकडे जाणार कुठे? कॅबिनेटमध्ये बोर्ड पितळी खुंट्यांवर उचललेला असतो, खाली जागा मिळते. चारही पाय भोकांत आलेत हे आधी बघा, पंख्याची वायर कुठल्या पायाखाली नाही हेही बघा, मग समोरासमोरच्या दोन पिना दोन अंगठ्यांनी एकदम दाबा, नंतर उरलेल्या दोन. बोर्ड थोडा वाकेल. घाबरू नका.

तिरपा_स्क्रू

"बोर्ड वाकेल, घाबरू नका." हे वाक्य वाचूनच मला घाम फुटला. कोणाच्या डोक्यातून आली ही पिन?

पेचकस

२००४ साली एलजीए ७७५ सॉकेट आलं तेव्हापासून इंटेलच्या डब्यात हीच आहे. पेचकस लागत नाही, बोर्ड उलटा करावा लागत नाही. हजारो पीसी जोडणाऱ्या कारखान्यासाठी सोय उत्तम. आपल्यासारखे लोक वर्षा-दोन वर्षांनी पंखा काढतात, धूळ झटकतात, पुन्हा बसवतात. त्या कामाला ती पिन टिकत नाही, प्लास्टिक ढिलं पडतं.

सान होजेकर

तिरपा_स्क्रू, तुम्ही एएमडीचं जुनं सॉकेट ए पाहिलेलं दिसत नाही. :)

२००२ च्या सुमाराचं इंजिनिअरिंगचं होस्टेल. अ‍ॅथलॉन एक्सपी नुकता स्वस्त झालेला. त्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नव्हतं. हिरव्या-तपकिरी चौकोनाच्या मध्यावर उघडी सिलिकॉनची चकती आणि चार कोपऱ्यांत चार रबरी गोल टिकल्या. त्यावर हीटसिंक ठेवायचा आणि पोलादी पट्टीची क्लिप सॉकेटच्या प्लास्टिकच्या दातांत अडकवायची. क्लिप इतकी कडक की बोटांनी वाकत नसे. तिच्या टोकाच्या खाचेत चपटा पेचकस घालून सगळा जोर लावून खाली ढकलायची.

यात दोन अपघात ठरलेले. हीटसिंक तिरका टेकला तर सिलिकॉनचा कोपरा उडायचा. साखरेच्या दाण्याएवढा तुकडा, पण प्रोसेसर बहुधा मेलाच. आणि पेचकस घसरला की थेट बोर्डावर, तांब्याच्या बारीक रेषांवर ओरखडा. आमच्या मजल्यावर एक मुलगा हे काम करून देण्याबद्दल एक प्लेट वडापाव घ्यायचा आणि ते स्वस्त होतं.

त्याच काळात, २००१ मध्ये, टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने एक व्हिडिओ केला होता. चालू गेममध्ये हीटसिंक उचलून बाजूला घेतला. इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला, हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा पळू लागला. अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. आज अकोल्याचा प्रोसेसर १०० वर पोचून स्पीड कमी करतो आणि जिवंत राहतो, ते ही सगळी राखण आता सिलिकॉनच्या आतच असते म्हणून.

धूळपाटी

इतिहास छान आहे, पण माझा मुद्दा कोणी खोडला नाही. पेस्टने फरक पडत नाही का?

रेंडर_राणी

पडतो. पण तिचा नंबर दुसरा.

दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्याच असतात. दऱ्यांत हवा अडकते. हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ०.०२६ वॉट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची ४०० च्या घरात. पेस्ट यांच्या मधली, साधी असेल तर दोन-चार आणि महागडी असेल तर दहाच्या आसपास. म्हणजे हवेच्या शेकडोपट चांगली, पण तांब्यापुढे अगदीच फिकी. त्यामुळे पेस्टचं काम फक्त दऱ्या भरण्याचं. थर जितका पातळ तितकं चांगलं, आणि थर पातळ होतो तो दाबाने. ट्यूबवरचा आकडा दुप्पट झाला आणि एका कोपऱ्यात थर चौपट जाड राहिला, तर कमावलं काय?

जास्त पेस्ट लागली तर दाबाने बाहेर येते, पुसावी लागते, एवढंच. कमी लागली तर मात्र त्रास. "मटारएवढी की तांदळाएवढी" यावर लोक हिरिरीने भांडतात आणि स्क्रू कोणत्या क्रमाने आवळले ते विचारतही नाहीत.

तिरपा_स्क्रू

मग सांगा ना क्रम. नावाला जागून विचारतोय.

रेंडर_राणी

गाडीचं चाक बदलताना नट जसे तिरके, समोरासमोर आवळतो, तसंच. आधी चारही स्क्रू नुसते दोन-दोन आटे धरेपर्यंत. मग एकाला दोन फेरे, त्याच्या तिरक्या समोरच्याला दोन फेरे, मग उरलेली जोडी. असं करत शेवटपर्यंत. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कूलर कलंडतो, पेस्ट एका बाजूला सरकते आणि समोरचा स्क्रू आटे धरत नाही. मग माणूस जोर लावतो आणि आटे जातात.

चांगल्या कूलरच्या स्क्रूवर स्प्रिंग असते आणि खाली खांदा असतो. खांदा टेकला की स्क्रू फिरायचा थांबतो. तिथे थांबायचं. दाब किती हवा ते स्प्रिंग ठरवते, तुमचं मनगट नाही. कूलर घेताना आम्ही पंख्याच्या रंगापेक्षा हे आधी बघतो.

आमच्या स्टुडिओत थ्रेडरिपर (एएमडीचे मोठे प्रोसेसर) आहेत. २०१७ मध्ये पहिले आले तेव्हा एएमडीने प्रोसेसरच्या डब्यातच नारिंगी मुठीचा पेचकस दिला होता. दीड न्यूटन-मीटरला तो कटकन सुटतो, पुढे आवळू देत नाही. सॉकेटच्या झाकणावर १, २, ३ असे आकडे छापलेले, बंद करताना १-२-३ आणि उघडताना ३-२-१. चार हजारांवर टोकं एका वेळी सारखी टेकवायची असतात, तिथे अंदाज चालत नाही म्हणून पेचकसच दिला.

गोदाकाठ

माझा प्रश्न वेगळा आहे, पण याच धाग्यात बसेल. नाशिक. एएमडीचा रायझन नाही, इंटेलच, १३७००. डब्यातला पंखा काढून टॉवर कूलर (उंच उभा) बसवला. तापमान झकास. पण तेव्हापासून रॅमच्या दोनपैकी एकच स्टिक दिसते. स्टिक अदलाबदल करून पाहिल्या, दोन्ही चांगल्या आहेत. ठरावीक स्लॉटमध्येच दिसत नाही. बोर्ड गेला का?

पेचकस

बोर्ड गेला म्हणून धावू नका. कूलरचे चारही स्क्रू एकेक फेरा सैल करा आणि चालू करून बघा.

एलजीए सॉकेटमध्ये प्रोसेसरला पिना नसतात. सॉकेटमध्ये बारीक स्प्रिंगसारखी टोकं असतात आणि प्रोसेसरच्या पोटाशी सोनेरी ठिपके. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे रॅमच्या रेषाही याच टोकांतून जातात. कूलर एका बाजूने जास्त आवळला तर दुसऱ्या बाजूची काही टोकं नीट टेकत नाहीत, आणि पहिली तक्रार येते ती रॅमची. दुकानात "स्लॉट खराब" म्हणून आलेले कितीतरी बोर्ड मी नुसता कूलर सोडून पुन्हा बसवून परत दिलेत.

सैल करूनही नाही दिसली तर कूलर काढा, प्रोसेसर उचला आणि टॉर्चच्या उजेडात तिरक्या नजरेने सॉकेट बघा. सगळी टोकं एका दिशेने चमकतात. एखादं वाकलं असेल तर तिथे चमक तुटते. बोट मात्र लावायचं नाही.

गोदाकाठ

सैल केले. दोन्ही दिसल्या!! रॅम परत करायला निघालो होतो. काका, दंडवत.

ओव्हरक्लॉक_ओंकार

१७०० सॉकेटचा (१२४००, १३७०० बसतात त्या) विषय निघालाच आहे तर कॉन्टॅक्ट फ्रेमबद्दल कोणीच कसं बोललं नाही? इंटेलच्या सॉकेटचं झाकण प्रोसेसरला मधोमध दोन बाजूंनी दाबतं. प्रोसेसर लांबट, त्यामुळे मध्ये वाकतो, आणि कूलर फक्त दोन टोकांना टेकतो. त्या झाकणाऐवजी थर्मलराइट किंवा थर्मल ग्रिझलीची फ्रेम घ्या, चौफेर सारखा दाब. माझ्या १३७००के वर पाच-सहा अंश उतरले. धागाकर्त्याने तीच लावावी.

पेचकस

वाकतो हे खरं. पण धागाकर्त्याकडे १२४०० आहे. टर्बोमध्येही (पूर्ण जोरात पळताना) ११७ वॉटची त्याची मर्यादा. तुमचा के वाला (वेग वाढवता येणारा) त्याच्या दुपटीहून जास्त खातो. तिथे पाच अंश मोलाचे, इथे त्यांची गरज नाही.

शिवाय ती फ्रेम लावायला सॉकेटचे मूळ चार टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू काढावे लागतात, प्रोसेसर उघड्या टोकांवर नुसता ठेवलेला असताना. फ्रेम जास्त आवळली तर वर गोदाकाठ यांना झाला तोच रॅमचा त्रास, कमी आवळली तरी तोच. २०२२ मध्ये इंटेलने सांगितलं होतं की हा वाक मर्यादेतला आहे आणि सॉकेटमध्ये फेरफार केल्यास वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. कंपनीचं म्हणणं सगळं खरं मानायचं नसतं, पण वॉरंटी त्यांच्याच हातात आहे. ज्याची एक पिन हवेत लटकतेय त्याला फ्रेमचा सल्ला कशाला?

ओव्हरक्लॉक_ओंकार

मान्य, १२४०० साठी जास्तच झालं. के वाल्यांसाठी मात्र मी माझ्या मतावर ठाम.

मिरजेचा मुक्काम

एएमडीवाले गप्प का? आमच्याकडे एएम४ सॉकेट आहे, रायझन ५ ५६००. सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर काढून मोठा कूलर लावायचाय. काय सांभाळू?

पेचकस

एएम४ मध्ये दोन खड्डे.

पहिला म्हणजे प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो. सॉकेटची दांडी खाली लावलेली असली तरी येतो. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला १३३१ पिना असतात आणि त्यांना फक्त बाजूने पकडलेलं असतं, वरून झाकण नाही. जुनी पेस्ट वाळून घट्ट झाली की तिची पकड सॉकेटपेक्षा भारी ठरते. तुम्ही कूलर सरळ वर ओढता आणि प्रोसेसर पिनांसकट हातात. मग तो टपकन पडला की पिना वाकल्या. माझ्याकडे असे प्रोसेसर सर्रास येतात. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलच्या पोकळ टोकाने एकेक पिन सरळ करत बसावं लागतं. म्हणून पीसी गरम करून घ्या, मग बंद करून स्क्रू सोडा, पिळा द्या आणि सरकवत काढा.

दुसरा खड्डा मागच्या प्लेटचा. रेथ स्टेल्थचे चार स्क्रू थेट तिच्यात जातात. ते सोडताच प्लेट बोर्डाच्या मागून गळून पडते. बोर्ड कॅबिनेटमध्ये असेल तर मागून हाताने किंवा चिकटपट्टीने धरून ठेवा. आणि ती प्लेट जपा, बरेच कूलर तिच्यावरच बसतात. बोर्डासोबत आलेल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्याही फेकू नका. क्लिपवाला कूलर लावायची वेळ आली की त्याच शोधत बसाल.

मिरजेचा मुक्काम

आणि पुढे एएम५ घेतला तर हाच कूलर चालेल?

रेंडर_राणी

भोकांचं अंतर दोन्हीकडे सारखंच, ५४ बाय ९० मिलिमीटर. पण २०२२ मध्ये एएम५ आला तेव्हा एएमडीनेही पिना सॉकेटमध्ये हलवल्या, आणि मागची प्लेट सॉकेटच्या झाकणाशी जोडून टाकली. ती निघत नाही. त्यामुळे जो कूलर एएमडीच्या मूळ प्लेटमध्ये स्क्रू होतो तो चालतो, जो स्वतःची प्लेट आणतो तो नाही. घेतानाच विचारून घ्या.

प्रोसेसर उपटून येण्याची भीती मात्र तिथे संपली, वरून झाकण आलं.

कोकणी_कट्टा

माझं थोडं अवांतर. पुण्यातला पीसी रत्नागिरीला न्यायचाय. वर नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ कूलर आहे. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पाठवला तर चालेल? घाट आहे.

पेचकस

कूलर उतरवून न्या. पंख्यांसकट १ किलो ३२० ग्रॅमचा ऐवज आहे तो, उभ्या कॅबिनेटमध्ये आडवा लोंबकळतो. खड्ड्यात गाडी आपटली की सगळा हिसका बोर्ड आणि सॉकेटवर. २०१५ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले तेव्हा त्यांचा खालचा थर आधीच्या पिढीपेक्षा पातळ होता, आणि काही जड कूलरखाली प्रोसेसर वाकल्याच्या तक्रारी आल्या. सायथ या कूलर कंपनीने तर आपल्या कूलरचे स्क्रू बदलून दिले होते.

उतरवणं नकोच असेल तर स्वतःच्या गाडीतून, कॅबिनेट आडवं झोपवून, बोर्ड खाली आणि कूलर वर अशा बेताने न्या. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं. ट्रॅव्हल्सच्या डिकीत कोण काय उलटं ठेवेल याचा नेम नाही.

वऱ्हाडी_पंखा

मंडळी, उशिराबद्दल माफी, मध्ये दोन दिवस लाईटच नव्हती.

काल बसलो. बाणाच्या दिशेने फिरवून चारही पिना सोडल्या. हीटसिंक उचलल्यावर खालचा ठसा बघण्यासारखा होता. तीन बाजूंना पेस्ट दाबून पातळ पारदर्शक झालेली, आणि चौथ्या कोपऱ्यात जशीच्या तशी जाड, तिच्या मूळ रेघासुद्धा शाबूत. म्हणजे तिथे धातू कधी टेकलाच नव्हता. मुडपलेली फाक सरळ झाली, चिरली नव्हती. इथे साधी पेस्ट मिळाली, तीच लावली.

आता रेंडरला ७९-८०, खोली ३४. डेस्कटॉपवर ४२. स्पीड खाली येत नाही. पंखाही गप्प झालाय.

धूळपाटी

पेस्ट बदलली म्हणून उतरलं. :)

वऱ्हाडी_पंखा

तुमच्या समाधानासाठी अर्धं श्रेय पेस्टला.

तिरपा_स्क्रू

जाता जाता एक. माझ्याकडे ११५५ सॉकेटचा जुना टॉवर कूलर पडलाय, पट्टीला पुश-पिनाच. तोच १७०० वर दाबून बसवला तर? तीन मिलिमीटरचाच तर फरक.

पेचकस

११५५ ला भोकं ७५ मिलिमीटरवर, १७०० ला ७८ वर. काही बोर्डांवर दोन्हीसाठी लांबट भोकं असतात, तिथे तो बसतोही. पण १७०० मध्ये प्रोसेसरची बोर्डापासूनची उंचीसुद्धा कमी आहे. जुनी पट्टी तेवढी खाली उतरायला बनवलेलीच नाही, म्हणजे पिना बसल्या तरी दाब अपुरा पडतो. दिसायला सगळं ठीक, आणि तापमान धागाकर्त्यासारखं.

कूलर कोणत्या कंपनीचा आहे ते बघा. बऱ्याच कंपन्या १७०० वर बसवायचं किट वेगळं विकतात. नॉक्टुआ तर खरेदीचा पुरावा दाखवला की फुकट पाठवते. १७०० चं किट पुढच्या १८५१ सॉकेटलाही चालतं, तिथेही अंतर ७८ च आहे.

किट आलं की दोन प्लास्टिक ओळखा. कूलरच्या तांब्याच्या तळाला लावलेली पारदर्शक फिल्म काढायची. ती ठेवून कूलर बसवणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. आणि मागच्या पोलादी प्लेटवर बोर्डाकडच्या बाजूला जो पापुद्रा असतो तो नाही काढायचा, पत्रा आणि बोर्डाचे टाके यांच्यात तेवढंच इन्सुलेशन आहे. प्लेट कुठल्या बाजूने लावायची ते कळलं नाही तर आवळायच्या आधी इथे फोटो टाका.